सीसीटीएनएस आणि आयसीजेएसचं बिल कोण भरतं? गोव्याच्या हिशेबातून दिलेलं उत्तर

फोंड्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. एका जामीन अर्जाच्या वेळी त्यांना एकाच आरोपीची पोलिसांकडे एक, तुरुंगाकडे दुसरी आणि कोर्टाच्या पडद्यावर तिसरीच नोंद दिसली. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. पोलीस ठाणी जोडणारं सीसीटीएनएस आणि पोलीस, कोर्ट, तुरुंग यांचे संगणक एकमेकांशी जोडणारं आयसीजेएस यांसाठी राज्य सरकार पैसे कुठून आणतं? गोव्याच्या अर्थसंकल्पात ती रक्कम शोधूनही का सापडत नाही? आणि एवढ्याशा राज्याला हे परवडतं का?

मी गोव्याच्या सामायिक लेखा सेवेतला माणूस. आमची बदली आज या खात्यात, उद्या त्या खात्यात होत असते, त्यामुळे गृहखात्याशी संबंधित बिलं टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत: खात्यात बसून पाठवताना आणि लेखा संचालनालयात बसून आक्षेप काढताना. तेव्हा हे उत्तर तंत्रज्ञानाचं नाही, पैशाच्या वाटेचं आहे.

थोडक्यात सांगायचं तर यंत्रणा उभी करायचे पैसे बहुतेक दिल्लीहून येतात. ती चालवायचा खर्च हळूहळू राज्याच्या गळ्यात पडतो. आणि दोन यंत्रणांमधल्या जोडणीचा खर्च कुणाच्याच मागणीत, म्हणजे विधानसभा खात्यागणिक मंजूर करते त्या रकमेत, धडपणे बसत नाही. तुम्हाला दिसलेल्या तीन नोंदींचं मूळ बऱ्याच अंशी या तिसऱ्या वाक्यात आहे.

आधी दिल्ली यात का येते ते पाहू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि तुरुंग हे राज्यसूचीचे विषय आहेत. फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहेत, आणि ४२ व्या घटनादुरुस्तीनंतर खालच्या न्यायालयांची रचनाही तिथेच गेली. म्हणजे पोलीस ठाण्यातल्या संगणकाचा खर्च हा मुळात राज्याचाच. केंद्र जे देतं ते अनुदान. ते देणं केंद्रावर बंधनकारक नसतं, आणि ज्याचं अनुदान त्याच्या अटी.

या विषयातला मोठा पैसा आला २००९ मध्ये. त्याआधी ‘सीपा’ नावाचा एक प्रयोग पोलीस आधुनिकीकरणाच्या पैशांतून चालला होता, पण त्यात एका ठाण्याचा संगणक दुसऱ्या ठाण्याशी बोलत नव्हता. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर सात महिन्यांच्या आत, जून २००९ मध्ये, केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीने सीसीटीएनएसला म्हणजे गुन्हे आणि गुन्हेगारांचा माग ठेवणाऱ्या जाळ्याला मंजुरी दिली. रक्कम २,००० कोटी रुपये. देशभरातली साधारण १५ हजार पोलीस ठाणी आणि त्यांच्या वरची हजारो कार्यालयं जोडायची होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग म्हणजे एनसीआरबी याचा कारभारी. गाभ्याचं सॉफ्टवेअर केंद्राने एकदाच बनवून सगळ्या राज्यांना दिलं. राज्याने आपला सिस्टम इंटिग्रेटर नेमायचा, त्याने ते सॉफ्टवेअर राज्याच्या गरजेप्रमाणे बसवायचं, संगणक पुरवायचे, शिपायांना शिकवायचं आणि काही वर्षं सांभाळायचं. खर्च १०० टक्के केंद्राचा.

‘१०० टक्के केंद्राचा’ हे शब्द फायलीवर दिसले की खात्यात आनंदीआनंद होतो. त्यापुढची ‘प्रकल्पाच्या मुदतीत’ ही अट कुणी मोठ्याने वाचत नाही. आपल्याकडे कुळागरात म्हणजे पोफळीच्या बागेत सरकारी अनुदानावर पंप बसतो, पण विजेचं बिल कुळागरवाल्याच्याच नावाने येतं. तसंच हे आहे. मुदत वाढत गेली खरी. नोव्हेंबर २०१५ मध्ये मंत्रिमंडळ समितीने सीसीटीएनएस मार्च २०१७ पर्यंत पूर्ण करायला आणि त्याला ई-कोर्ट, ई-प्रिझन, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि अभियोग म्हणजे सरकारी वकिलांचं खातं जोडायला मान्यता दिली. आयसीजेएसची सरकारी पातळीवरची सुरुवात तिथली. देखभालीसाठी त्यानंतरही केंद्राने काही काळ हात दिला. पण पहिल्या खेपेला घेतलेले संगणक, बॅटऱ्या, प्रिंटर यांचं आयुष्य मंत्रालयाच्या पत्राने वाढत नाही.

त्याच २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्याच अर्थसंकल्पात केंद्राने आठ योजनांतून आपला हात काढून घेतला आणि त्या आठांत पोलीस आधुनिकीकरणही होतं आणि राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनाही. आता वाढीव वाटा मिळतोय ना, त्यातून करा, असा त्याचा अर्थ. पोलीस आधुनिकीकरणाची योजना पुढे वेगळ्या रूपाने परत आली. पण त्या वर्षी वित्त विभागाच्या बाजूने विचार करून पाहा. करांच्या वाट्यातून आलेल्या पैशावर ‘हे पोलिसांच्या संगणकासाठी’ असा शिक्का नसतो. तो पगारात, निवृत्तिवेतनात, रस्त्यात, वेगवेगळ्या कल्याण योजनांत वाटला जातो. पोलिसांचा सर्व्हर या रांगेत उभा राहतो तेव्हा त्याच्यामागे मतदार नसतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्रात राज्यांच्या हिश्शापैकी गोव्याच्या वाट्याला ०.३८६ टक्के आले, यावरून आपल्या हातातल्या रकमेचा अंदाज यावा.

अलीकडची स्थिती काय? फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने आयसीजेएसच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ३,३७५ कोटी रुपये. ही केंद्रीय क्षेत्र योजना आहे, म्हणजे राज्याला हिस्सा घालावा लागत नाही. एकदा नोंद, सगळीकडे तीच नोंद, असं तिचं सूत्र; एनसीआरबी ती एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या मदतीने राबवते. त्याच महिन्यात पोलीस आधुनिकीकरणाच्या छत्र योजनेला २०२५-२६ पर्यंत २६,२७५ कोटींची मान्यता मिळाली. त्यातल्या बऱ्याच रकमा काश्मीर, नक्षलग्रस्त भाग वगैरेंसाठी राखीव. राज्यांच्या पोलीस आधुनिकीकरणाचा भाग ४,८४६ कोटींचा. इथे मात्र गोव्यासारख्या राज्याला ६०:४० च्या प्रमाणात आपला हिस्सा घालावा लागतो. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना ९०:१० ची सवलत आहे. आकाराने आपण त्या सगळ्यांहून लहान असलो तरी ही सवलत आकारावर मिळत नाही.

आता आयसीजेएसचे खांब मोजा: पोलीस, न्यायालयं, तुरुंग, न्यायवैद्यक, अभियोग. पाचही खांबांचा पैसा वेगवेगळ्या नळातून येतो. पोलिसांचा गृहमंत्रालयातून. न्यायालयांचा केंद्रीय कायदा मंत्रालयाच्या न्याय विभागातून, ई-कोर्ट प्रकल्पाखाली. त्याच्या दुसऱ्या टप्प्याला १,६७० कोटी होते, सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्याला ७,२१० कोटी आहेत. ही रक्कम उच्च न्यायालयामार्फत खर्च होते, आणि आपलं उच्च न्यायालय म्हणजे मुंबई उच्च न्यायालय, ज्याचं खंडपीठ पर्वरीला बसतं. त्यामुळे म्हापशाच्या किंवा मडगावच्या कोर्टात ई-कोर्टच्या पैशातून आलेला संगणक गोवा विधानसभेत मंजूर झालेल्या कुठल्याही मागणीत दिसणार नाही. तुरुंगांचं ई-प्रिझन सॉफ्टवेअर एनआयसीने बनवलेलं, फुकट. पण कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात ते चालवायला बसलेला माणूस, त्याचा संगणक, त्याचा इन्व्हर्टर कारागृह खात्याच्या पैशातून. अभियोग संचालनालय तर इतकं लहान खातं आहे की त्यांच्या मागणीत पगार आणि वकिलांची फी वजा केल्यावर बाकी काय राहतं हे विचारू नये.

यात जोडणीचं काय होतं याचं एक उदाहरण देतो. कोलवाळहून काणकोणच्या कोर्टात कैदी न्यायचा म्हणजे गोव्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. एस्कॉर्टचे पोलीस, गाडी, डिझेल, दिवसभराचा भत्ता, वाटेतली जोखीम. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने म्हणजे व्हीसीने रिमांड झाला तर हे सगळं वाचतं. वाचतं कुणाचं? पोलिसांचं. कॅमेरा, स्क्रीन, जोडणी आणि ती सांभाळणारा कर्मचारी कुणाच्या खर्चाने? एका बाजूला कारागृहाच्या, दुसऱ्या बाजूला न्यायालयाच्या. अर्थसंकल्पात पोलीस, कारागृह, अभियोग, उत्तर गोवा जिल्हा न्यायालय, दक्षिण गोवा जिल्हा न्यायालय यांच्या मागण्या वेगवेगळ्या. एका मागणीत बचत झाली म्हणून ती रक्कम दुसऱ्या मागणीत वळवता येत नाही. पुनर्विनियोजन मागणीच्या आतल्या आत होतं, बाहेर जायचं तर पुरवणी मागणी घेऊन विधानसभेत जावं लागतं. म्हणून कारागृहाच्या लेखाधिकाऱ्याला व्हीसीची खोली हा निव्वळ खर्च वाटतो, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर तो बरोबर असतो. माझं स्पष्ट मत आहे की माहितीची देवाणघेवाण अडते ती तंत्रज्ञानामुळे कमी आणि मागण्यांच्या या कुंपणामुळे जास्त.

दिल्लीहून निघालेला पैसा पणजीत कसा पोचतो, हेही समजून घ्या, कारण बराच काळ तिथे जातो. पूर्वी केंद्राचा वाटा राज्याच्या खजिन्यात यायचा आणि तिथून खात्याकडे. तो कधी आला हेच खात्याला महिनोन्महिने कळायचं नाही. २०२१ पासून केंद्रपुरस्कृत म्हणजे राज्याचाही हिस्सा असलेल्या योजनांसाठी एकच नोडल एजन्सी (एसएनए) आणि एकच बँक खातं, असा नियम झाला. केंद्राचा वाटा आला की राज्याने ठरलेल्या मुदतीत तो आणि स्वतःचा हिस्सा त्या खात्यात भरायचा. उशीर केला तर व्याजाचा भुर्दंड. खात्यातल्या शिलकीपैकी केंद्राच्या वाट्यावरचं व्याजही आपलं नाही, ते परत करायचं. आता त्याहून पुढची ‘एसएनए-स्पर्श’ पद्धत आली आहे. तीत आगाऊ पैसे पडून राहत नाहीत, बिल मंजूर झालं की रिझर्व्ह बँकेच्या ई-कुबेर या संगणक यंत्रणेवरून केंद्राचा आणि राज्याचा वाटा एकदमच सुटतो. हिशेबनीसाच्या दृष्टीने ही सुधारणा चांगली आहे. पण केंद्राचे पैसे आल्यावर बघू, राज्याचा हिस्सा मार्चमध्ये टाकू, ही जुनी सोय तीत संपली. बिलाच्या दिवशी राज्याची तरतूद तयार नसेल तर केंद्राचा रुपयाही हलत नाही.

बाकी गाडं उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसे ठरलेल्या कामी खर्च झाल्याच्या दाखल्यावर. मागच्या हप्त्याचं प्रमाणपत्र गेलं नाही तर पुढचा हप्ता नाही. आणि प्रमाणपत्र तेव्हाच देता येतं जेव्हा सामान आलं, बसलं, साठा नोंदवहीत चढलं आणि बिल पास झालं. एका खात्यात मी अशी स्थिती पाहिली आहे की सर्व्हर खोक्यात बंद, कारण खोलीचं वातानुकूलन दुसऱ्या खात्याच्या निविदेत अडकलेलं. सर्व्हर बसल्याशिवाय पुरवठादाराला शेवटचा हप्ता नाही, तो दिल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्राशिवाय दिल्लीचा पुढचा हप्ता नाही. आणि वॉरंटीची मुदत मात्र खोकं उतरल्या दिवसापासून धावत होती.

आता एक साधं बिल जवळून पाहू. सत्तरीतल्या एखाद्या पोलीस ठाण्याची जोडणी घ्या. पावसाळ्यात झाड पडतं, केबल तुटते, जोडणी दोन-तीन दिवस बंद. करारात लिहिलेलं असतं की महिन्याला अमुक टक्के वेळ जोडणी चालू हवी, नाहीतर बिलातून कपात. तिमाहीचं बिल मुख्यालयात येतं तेव्हा कंपनी आपल्या यंत्रणेचा चालू-वेळेचा अहवाल जोडते. ठाण्याच्या नोंदवहीत वेगळंच असतं, कारण तिथल्या हवालदाराने ‘नेट नाही’ एवढंच लिहिलेलं. किती वाजता गेलं, किती वाजता आलं, तक्रार क्रमांक काय, काही नाही. मग मुख्यालय ठाण्याला पत्र पाठवतं: चालू-वेळेचं प्रमाणपत्र द्या. निरीक्षक बंदोबस्तात असतो. पत्र पडून राहतं. शेवटी कुणीतरी ‘सेवा समाधानकारक’ असा शिक्का मारून पाठवतो आणि कपात शून्य. किंवा प्रमाणपत्र येतच नाही आणि बिल लेखा संचालनालयातून आक्षेपासह परत येतं. दोन्हीकडे राज्याचं नुकसान: पहिल्यात पैशाचं, दुसऱ्यात कंपनी दुरुस्तीला माणूस पाठवायला टाळाटाळ करते. त्या हवालदाराच्या हातात छापील रकान्यांची एक वही दिली तर यातलं अर्धं सुटतं. वहीसाठी कुठलीच केंद्रीय योजना लागत नाही.

याच बिलात आणखी एक मेख आहे. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं बिल एप्रिलमध्ये येतं, म्हणजे नव्या वर्षाच्या तरतुदीतून जातं. यंत्रणेच्या पहिल्या वर्षी प्रत्यक्षात तीनच तिमाह्यांचे पैसे खर्ची पडतात आणि खर्च स्वस्त दिसतो. पुढच्या वर्षाची तरतूद या आकड्यावर दहा टक्के वाढवून मागितली जाते. ती अर्थातच कमी पडते. मग पुरवणी मागणी, मग वित्त विभागाची शंका, मग फाइल पर्वरीच्या सचिवालयातून परत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं सरकारकडे पैसे नाहीत. असतात, फक्त तरतुदीचा पाया चुकलेला असतो.

कराचंही तसंच. २००९ मध्ये अंदाजपत्रकं बनली तेव्हा सेवाकर १०.३ टक्के होता. जुलै २०१७ पासून देखभाल आणि आयटी सेवांवर १८ टक्के जीएसटी. करार ‘कर वेगळे’ असा असेल तर फरक सरकारच भरतं.

तुमचा दुसरा प्रश्न: अर्थसंकल्पात शोधायचं कुठे? ‘सीसीटीएनएस’ हा शब्द शोधून फारसं हाती लागणार नाही. तपशीलवार मागण्यांच्या खंडात पोलीस मागणी काढा आणि लेखाशीर्ष म्हणजे खर्चाचा ठरलेला क्रमांक २०५५ पाहा. त्यात ११४ म्हणजे बिनतारी संदेश आणि संगणक, ११५ म्हणजे पोलीस दलाचं आधुनिकीकरण, ११६ म्हणजे न्यायवैद्यक विज्ञान. भांडवली खर्च ४०५५ खाली. तुरुंग २०५६, न्यायदान २०१४. जोडणीचा खर्च कधी पोलिसांच्या कार्यालयीन खर्चात लपतो, कधी माहिती तंत्रज्ञान खात्यात. गोव्याचं याबाबतीत वेगळेपण असं की केंद्राच्या राज्यव्यापी जाळ्याच्या योजनेत आपण गेलो नाही. आपलं गोवा ब्रॉडबँड नेटवर्क खासगी कंपनीने बांधायचं, मालकी ठेवायची, चालवायचं आणि सरकारने वापराचे पैसे द्यायचे अशा पद्धतीने उभं राहिलं. त्यामुळे सरकारी कार्यालयांच्या जोडणीचा मोठा हिस्सा माहिती तंत्रज्ञानाच्या बाजूने भरला गेला. पोलीस मागणी पाहणाऱ्याला तो दिसणार नाही. कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटरचं मानधन आणखी तिसऱ्याच ठिकाणी. माझ्या मते एखाद्या यंत्रणेचा खरा वार्षिक खर्च काढायचा तर या माणसांच्या मानधनापासून सुरुवात करावी, कारण सॉफ्टवेअर फुकट असलं तरी एफआयआर टंकणारा माणूस फुकट नसतो.

भांडवली आणि महसुली हा भेद तर या विषयाच्या मुळाशी आहे. सर्व्हर विकत घेतला तर तो भांडवली खर्च. त्यासाठी कर्ज काढता येतं, केंद्राचं ५० वर्षं मुदतीचं बिनव्याजी भांडवली साहाय्यही २०२०-२१ पासून राज्यांना मिळतं, उद्घाटनाला नारळ फोडता येतो. तोच सर्व्हर क्लाउडवर भाड्याने घेतला की महसुली खर्च. त्यासाठी बिनव्याजी कर्ज नाही, नारळही नाही, दर महिन्याला बिल मात्र हजर. तंत्रज्ञ म्हणतात क्लाउड बरा, आणि ते खरंही आहे. पण वित्त विभागाला महसुली तूट सांभाळायची असते, त्यामुळे तिथे यंत्र विकत घेण्याकडेच ओढा असतो. म्हणूनच केंद्राने आयसीजेएसचा साठा स्वतःच्या क्लाउडवर ठेवला ही गोव्यासारख्यांच्या दृष्टीने मोठी सोय झाली. बोटांच्या ठशांचं ‘नाफीस’ही तसंच, एनसीआरबीच्या खर्चाने. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याप्रमाणे ठशांसारखी ही मापं ७५ वर्षं ठेवायची आहेत; तो साठा राज्याच्या गळ्यात आला असता तर काय झालं असतं, कल्पना करा.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि खर्चाचा तोल पुन्हा राज्याकडे झुकला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं. हणजुण्याला अमली पदार्थांचा छापा पडला असं धरा. पूर्वी दोन पंच, पंचनामा, लाखेचा शिक्का. आता त्याशिवाय मोबाइल किंवा टॅबवर चित्रीकरण, ‘ई-साक्ष्य’ ॲपवर ते चढवणं, आणि तिथून ते आयसीजेएसमार्गे कोर्टापर्यंत. ॲप केंद्राचं, साठा केंद्राचा. टॅब कुणाचा? त्यातलं सिम कुणाचं, दरमहा रिचार्ज कोण करतो? समुद्रकिनाऱ्याच्या एखाद्या खोलीत रेंज नसेल तर ठाण्यात येऊन वायफायवरून चढवायचं, ते वायफाय कुणाचं? रक्कम प्रत्येक वेळी किरकोळ असते, म्हणून तिला शीर्षच मिळत नाही आणि अंमलदार स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर काम भागवतो. पुरावा म्हणून ते चित्रीकरण कोर्टात येईल तेव्हा, वकीलताई, फोन कुणाचा होता हा प्रश्न तुमच्याच बाजूकडून येणार.

कलम १७६(३) आणखी जड आहे. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायलाच हवं, राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची सवड. जून २०२४ मध्ये केंद्राने न्यायवैद्यक सुविधांसाठी २,२५४.४३ कोटींची योजना मंजूर केली, पण तिचा भर न्यायवैद्यक विद्यापीठाची नवी केंद्रं आणि केंद्रीय प्रयोगशाळांवर आहे. वेर्णे येथल्या आपल्या राज्य प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांची पदं, त्यांची वाहनं, रसायनं आणि अहवाल ऑनलाइन पाठवण्याची व्यवस्था राज्याच्या पैशावरच चालणार. अहवाल आयसीजेएसवर चढला नाही तर तपास अधिकारी वेर्ण्याला शिपाई पाठवतो, आणि त्या खेपेचं पेट्रोल पुन्हा पोलीस मागणीत.

दुसरे स्रोत आहेत का? निर्भया निधीतून महिला सुरक्षेशी संबंधित कामांना पैसे मिळतात. ११२ क्रमांकाची आपत्कालीन यंत्रणा देशभर त्यातूनच उभी राहिली. फी घेऊन भागवा, असं काही जण सुचवतात: चारित्र्य पडताळणी, वेगवेगळी प्रमाणपत्रं, वाहतुकीचा दंड. पण हा पैसा घटनेच्या कलम २६६ प्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीत जातो. पोलीस तो परस्पर सर्व्हरवर खर्च करू शकत नाहीत. मला ते योग्यच वाटतं. चलन फाडून यंत्रणा चालवायची असं ठरलं तर चलनं कशी फाटतील, हे वाहनं घेऊन मांडवी पुलावरून जाणाऱ्या कुणालाही सांगायला नको. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचे पैसे बॅरिकेडपुरते ठीक. बॅरिकेडवर हॉटेलचं नाव रंगवता येतं, एफआयआरच्या सर्व्हरवर नाही. शिवाय दान आलेल्या संगणकाचा देखभाल करार नसतो. दोन वर्षांत तो साठा नोंदवहीत जिवंत आणि टेबलावर मेलेला असतो.

परवडतं का? गोव्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प २८ हजार कोटींच्या घरात होता. त्या मानाने सगळी बिलं एकत्र केली तरी ती वित्त सचिवांची झोप उडवणारी नाहीत. अडचण दुसरी आहे. सुरक्षा लेखापरीक्षण, पर्यायी साठ्याची जागा, प्रकल्प सांभाळणारा गट यांचा खर्च राज्याच्या आकाराच्या प्रमाणात कमी होत नाही. महाराष्ट्रात तो हजारावर पोलीस ठाण्यांत विभागला जातो, आपल्याकडे मोजक्या ठाण्यांत. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे १४ लाख ५८ हजार. दरडोई पाहिलं तर आपण महाग. उलट लहानपणाचा फायदाही आहे: पोलीस मुख्यालय, वित्त विभाग, कारागृह प्रशासन यांतले सगळे निर्णय घेणारे लोक एकमेकांना नावाने ओळखतात आणि एका दुपारी एका खोलीत बसू शकतात. उत्तर प्रदेशात हे शक्य नाही.

माझ्या हातात असतं तर गृहखात्याखाली ‘फौजदारी न्याय माहिती जोडणी’ असं एकच उपशीर्ष उघडून घेतलं असतं. त्यासाठी महालेखापालांची संमती लागते, पण ती मिळते. पाचही खांबांची जोडणी, व्हीसी, टॅबचे रिचार्ज, ऑपरेटर सगळं त्यात. दुसरं, दर वर्षी एकूण यंत्रांपैकी पाचवा हिस्सा बदलायची कायम तरतूद, म्हणजे सगळे संगणक एकाच वर्षी म्हातारे होत नाहीत. तिसरं, केंद्राची कुठलीही नवी योजना स्वीकारताना फायलीच्या पहिल्याच पानावर एक ओळ सक्तीची करायची: केंद्राचे पैसे थांबल्यावर वर्षाला किती लागतील आणि कुठल्या शीर्षातून. हा आकडा न लिहिता आलेली फाइल वित्त विभागाने परत पाठवावी.

तुम्हाला पुढे जायचं असेल तर माहिती अधिकाराचा एकच अर्ज गृह विभागाला करू नका; तो पाच ठिकाणी वर्ग होईल आणि पाच अर्धी उत्तरं येतील. पोलीस, कारागृह, अभियोग, माहिती तंत्रज्ञान आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांना वेगवेगळे अर्ज करा. ‘सीसीटीएनएसवर किती खर्च झाला’ असं विचारू नका. मागच्या तीन वर्षांची देखभाल करारांची बिलं, चालू-वेळेअभावी केलेली कपात, शेवटचं उपयोगिता प्रमाणपत्र कुठल्या तारखेला गेलं आणि आज वॉरंटीबाहेर किती यंत्रं आहेत, हे चार मुद्दे विचारा. न्यायालयाच्या बाजूच्या खर्चासाठी अर्ज उच्च न्यायालय प्रशासनाकडे जाईल आणि त्यांचे माहिती अधिकाराचे नियम वेगळे आहेत, अर्जाचा नमुना आधी पाहून घ्या. कपातीच्या रकान्यात सगळीकडे शून्य आलं तर ती उत्तरं घेऊन या, पुढचं बोलू.